दुपारची मोजणी

हसीबला देवपुरात कोणी हसीब म्हणत नाही. तो नेटवाला. त्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की दोन-चार बाया ओट्यावरूनच हाक मारतात, "ओ नेटवाले, आमचं कालपासून नुसतं गोल फिरतंय." हा थांबतो, हसतो, "दुपारी येतो" म्हणतो आणि खरोखर दुपारी येतो. दिलेली वेळ पाळणारा कारागीर आपल्याकडे कुठे मिळतो, त्यामुळे लोकांना त्याचं भारी कौतुक. तो दुपारीच का येतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती.

नेटचा धंदा रतिलाल शेठचा, आणि त्याचा हुकूमच तसा होता. तक्रार कधीचीही असो, लाइन मोजायची दुपारी. दुपारी पोरं शाळा-कॉलेजात, माणसं दुकानात, बाया जरा आडव्या झालेल्या. तारेत गर्दी नाही. हसीब मोबाइलवर चाचणी लावायचा, आकडा भराभर चढत शंभरला टेकायचा आणि तो मोबाइल गिऱ्हाइकापुढे धरायचा. "बघा, पूर्ण स्पीड आहे." गिऱ्हाईक ओशाळून चहा ठेवायला जायचं. त्यातही मेख अशी की ती चाचणी फक्त घरापासून शेठच्या ऑफिसपर्यंतची तार मोजायची. ऑफिसातून पुढे बाहेरच्या जगाकडे जाणारी जी मुख्य लाइन, जिच्यावर सगळ्या गल्ल्यांचा भार, तिचं मोजमाप त्यात नव्हतंच. घरातला नळ मोकळा आहे हे दाखवायचं आणि टाकीत येणारी नळी बोटाएवढी आहे हे सांगायचं नाही, असला हा धंदा. मला विचाराल तर असल्या मोजणीला मोजणी म्हणणं हीच मोठी बनवाबनवी आहे.

दिवाळीत शेठने एक नवी कॉलनी त्याच मुख्य लाइनवर जोडली आणि लाइन होती तेवढीच ठेवली. तेव्हापासून दिवेलागणीला सगळ्या गल्ल्यांची बोंब सुरू झाली. हसीबला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो गप्प होता, कारण आमिर.

आमिर त्याचा धाकटा भाऊ. तोही आधी लाइनवरच होता. एकदा खांबावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्या दिवशी शेठने स्वतःच्या गाडीत घालून त्याला नाशिकला नेलं, उशाशी बसून राहिला आणि घरी आल्यावर ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसवलं. चाकाच्या खुर्चीतल्या पोराला दुसरं कोण काम देणार होतं? शेठविरुद्ध बोलायची उबळ आली की हसीबला ती खुर्ची दिसायची आणि तो पुढच्या घराकडे वळायचा. मालक नुसता वाईट असता तर सोडून जाता आलं असतं. उपकार केलेल्या मालकाला सोडता येत नाही, आणि हसीब त्यातच अडकला होता.

पुष्पाबाईंची तक्रार दिवाळीनंतर लागलेली, ती काही संपेना. नवरा वारल्यापासून त्या घरात एकट्याच. हसीब किती तरी वेळा येऊन गेला होता आणि दर वेळी "लाइन ठीक आहे, अक्का" म्हणून गेला होता. होळीच्या आठवड्यात तो पुन्हा आला. चाचणी लावली, शंभर दाखवले, चहा प्यायला आणि उठला, तर दाराला आतून कुलूप. मोटारसायकलची चावी अक्कांच्या कमरेला.

"आज सांज लगून बस," त्या म्हणाल्या. "तू दुपारले येस, लाइन चांगली ऱ्हास. मना फोन सांजले ऱ्हास."

"अक्का, अजून चार घरं बाकी आहेत मला."

"ऱ्हाऊ दे बाकी." आणि त्यांनी त्याच्यापुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला.

हसीबला आधी गंमत वाटली. चहासाठी त्याला पुष्कळांनी अडवलं होतं, कुलूप लावून कोणी नव्हतं. मग उन्हं कलायला लागली तशी त्याची चुळबुळ वाढली. संध्याकाळी ही लाइन काय दाखवणार हे त्या घरात एकट्या त्यालाच माहीत होतं. त्याने नेहमीचं ठेवणीतलं वाक्य काढलं, "व्हिडिओत चित्र अडकलं तरी आवाज तर जातो ना, अक्का? साधा फोन करायचा."

पुष्पाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मनी पोर ऐकत नही, भाऊ. बोलत बी नही. जनमपाईन."

हसीबने घास खाली ठेवला. "तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारं का?"

पोरीचं नाव कोकिळा. हे नाव ठेवताना कुणाला कल्पना नव्हती, आणि कळल्यावर बदलायचं आईच्या मनात आलं नाही. मायलेकींनी चुलीपुढे बसून हातांची एक भाषा जुळवली होती. ती दोघींनाच यायची. कोकिळाला भुसावळला दिलेलं. फोन नवऱ्याचा. तो कामावरून आला की संध्याकाळी थोडा वेळ तिच्यापुढे धरायचा. लिहायचं म्हटलं तर तिला नावापलीकडे अक्षर येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते नवऱ्याने वाचलं असतं. हात मात्र त्याला वाचता येत नव्हते. म्हणजे त्या पोरीला कुणाशी मनातलं बोलायचं तर ती एवढी खिडकी, आणि तिच्यातलं चित्र रोज गोठायचं. मोबाइलचा टॉवर तर त्या वेळी त्याहून आधी मान टाकायचा.

"मग तुम्ही जाऊन का नाही आलात?" हसीबने विचारलं.

"जावई नको म्हने. तुम्ही येतस आन जातस, मग ती दोन दिन जेवत नही, म्हने. तिना संसार शे, भाऊ. मी कशी जाऊ?" त्या जरा थांबल्या. "पन ती काही तरी सांगी राह्यनी. रोज तेच सांगस. हात वर करस, आन तठेच अटकी जास. माले तिना हात दिसाले जोयजेत."

दिवे लागले. शेजारी टीव्ही सुरू झाला, वरच्या मजल्यावर पोरांचे खेळ सुरू झाले. साडेसातच्या सुमाराला फोन वाजला. पडद्यावर कोकिळाचा चेहरा आला, गोरा, जरा सुकलेला. तिच्या बाजूला नवऱ्याचा खांदा तेवढा दिसत होता. तिने आईला बघून दोन्ही हात उचलले, आणि चित्र थांबलं. हात तसेच हवेत. मग एकदम खाली. मग पुन्हा वर, पुन्हा थांबले. मधलं सगळं गेलं होतं.

हसीबने आपला मोबाइल काढला. या वेळी त्याने शेठची चाचणी लावली नाही. ऑफिसच्या पुढे, थेट पुण्याच्या मशीनपर्यंत किती जातं ते मोजलं. आकडा एकाजवळ घुटमळला आणि तिथून खाली आला. त्याला अंदाज होताच, पण अंदाज असणं वेगळं आणि त्या आकड्यासमोर एक पोरगी हात वर करून थांबलेली बघणं वेगळं. त्याला स्वतःची लाज वाटली.

ऑफिसच्या राउटरचं लॉगिन त्याच्याकडे होतं. अधिकार एवढाच, दुरुस्तीसाठी गल्ली बंद करायची आणि चालू करायची. ऑफिसपर्यंतची तार मोकळीच होती, पान लगेच उघडलं. त्याने नवी कॉलनी बंद केली आणि मोजलं. आकडा जरा हलला. नदीकडची गल्ली बंद केली आणि मोजलं. दोनावर आला, पण पुन्हा पडला. मुख्य लाइन किती अरुंद आहे हे त्याने त्या संध्याकाळी पहिल्यांदा खरोखर मोजलं, एकेका गल्लीचं तोंड दाबून. एवढ्या लाइनीवर शेठने अर्धं देवपूर लटकवलं होतं. शेवटी त्याने स्वतःच्या घराची गल्लीही बंद केली. त्याची बायको साबेरा त्या वेळी माहेरी बोलत असते हे त्याला माहीत होतं.

कोकिळाचे हात हलायला लागले.

हसीबला त्यातलं काही कळत नव्हतं. तो पुष्पाबाईंच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या खिशात फोन थरथरत होता. आमिर. बंद झाला, पुन्हा सुरू झाला. अर्ध्या देवपुराच्या शिव्या या क्षणी त्या खुर्चीतला पोरगा एकटा खात असणार. हसीबने फोन उचलला नाही. कोकिळाचा एक हात मुठीसारखा आडवा व्हायचा, दुसरा त्यावरून सरकायचा. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. नवऱ्याचा खांदा शेजारी निवांत होता. पुष्पाबाईंनी शांतपणे हात हलवून काही तरी उत्तर दिलं, हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला. मग त्यांचं हसू गेलं.

"काय म्हणाली, अक्का?"

"कडी," त्या म्हणाल्या. "दिनभर खोलीले बाहेरथून कडी लावतस. हाई ऐकत नही, कुठे निंघी जाई, म्हनतस. सांजले फोनपुरती काढतस."

"कधीपासून?"

"दिवाळीपाईन."

त्या उठल्या आणि आधी स्वतःच्या दाराचं कुलूप काढलं. दार सताड उघडलं. चावी त्याच्यापुढे ठेवली आणि कपाटातून पिशवी काढून तिच्यात एक लुगडं कोंबायला लागल्या. पहाटेची गाडी धरायची होती, जावई काही का म्हणेना.

"जाय भाऊ. तुनी काय चुकी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

हसीबला उठवेना. "माझी आहे, अक्का," तो म्हणाला. "दुपारी लाइन चांगलीच असते. मला माहीत होतं. म्हणून तर दुपारी यायचो."

पुष्पाबाईंचे हात पिशवीत थांबले. त्यांनी वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने त्या पुन्हा लुगड्याची घडी करायला लागल्या.

त्याने एकेक करून गल्ल्या चालू केल्या आणि बाहेर येऊन आमिरला फोन लावला.

"केबल तुटली होती ना, तेच सांगितलं मी सगळ्यांना," आमिर म्हणाला. घरी ते हिंदीतच बोलत, पण शेजारी शेठ बसलेला असला की आमिर मराठीत येई. "शेठनाही तेच सांगितलं. उद्याच्या तक्रारी लिहून घे. सगळ्या दुपारच्या आहेत."

"दुपारी नाही जाणार," हसीब म्हणाला. "शेठला सांग, आता मोजायचं ते संध्याकाळी मोजेन. आणि जे निघेल ते गिऱ्हाइकाला दाखवेन."

पलीकडे खुर्चीची चाकं फरशीवरून सरकल्याचं ऐकू आलं. आमिर शेठपासून लांब गेला असावा.

"और मेरा क्या, भाई?" त्याने हळूच विचारलं.

आवाज अगदी स्वच्छ येत होता. हसीब चावी हातात घेऊन मोटारसायकलशी उभा राहिला.