मधूचं दार मी वाजवलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्या मधूला तर नाहीच. तुला सांगतोय.

साठच्या दशकात इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या शाळेत एक बँड वाजवून गेला. पुढे जगभर नाव झालं त्यांचं. तेव्हा मात्र स्कूल डान्सला येणारी साधी पोरं होती ती — जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला सरकवून वाजवणारी. ही गोष्ट मी आयुष्यभर रंगवून सांगितली. पण नेहमी अर्धीच.

मधू आणि मी, शाळेत दोघंच मराठी. दोघांचेही वडील एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. मधू शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा, आणि काय सुरेख वाजवायचा! माझ्या हातात तालच नव्हता.

त्या डान्सला मधूला घरून परवानगी मिळाली नाही. मला मिळाली. नवा टाय लावून गेलो. दोन मुलींना नाचायला विचारलं, दोघी हसून निघून गेल्या. मग भिंतीला टेकून उभा राहिलो.

बँडचं सामान व्हॅनमधून आलं होतं, पण मागून येणाऱ्या ड्रमरची ट्रेन चुकली. गाणाऱ्याने आमच्या म्युझिकच्या सरांना विचारलं — तुमच्याकडे कुणी वाजवणारं आहे का? सरांनी मला हाक मारली.

"मधूला घेऊन ये, पळत जा. वडिलांना सांग, मी स्वतः त्याला घरी सोडीन."

मी पळालो. खरंच पळालो — त्याच्या घराच्या गेटपर्यंत. पडदा उघडा होता. मधू सोफ्यावर बसून उशीवर काठ्या वाजवत होता, मान डोलावत. मी गेटवर हात ठेवला. आणि डोळ्यांसमोर आलं — तो स्टेजवर, त्या दोघी त्याच्याकडे बघतायत, आणि मी? मी परत भिंतीपाशी.

तिथूनच मागे फिरलो.

"घरी कुणीच नाहीये, सर," मी म्हणालो. वरच्या वर्गातल्या एका मुलाने कसंबसं निभावलं.

सोमवारी सर मधूला विचारतील, अशी मला भीती होती. त्यांनी विचारलं नाही. मी सुटलो — असं तेव्हा वाटलं.

मधू पुढे रीडिंग शहरात गेला, नोकरीत रमला, वाजवणं सुटलं. गणपतीच्या जेवणाला कुणी नवीन आलं की मला पुढे करायचा — "ह्याने त्यांना ऐकलंय. मी बसलो होतो घरी." त्याच्या बोलण्यात असूया नसायची. कौतुक असायचं. माझं.

गेल्या महिन्यात, त्याचे शेवटचे दिवस चालले होते तेव्हा, हॉस्पिसमध्ये त्याला भेटायला गेलो. त्याची नात शेजारी बसली होती. "हिला सांग रे ती डान्सची गोष्ट," तो म्हणाला. मी सांगितली. संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "ड्रम्सवर कोण होतं?"

तेव्हा तरी सांगता आलं नसतं का?

"होता कुणीतरी," मी म्हणालो. "ठीक वाजवलं त्याने."

त्याच आठवड्यात मधू गेला.

मत्सर होता, दुसरं काही नव्हतं. सोळा वर्षांचा होतो, हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मी मोठाच होतो.