म्हातारी पाणी पितेय

"घाई हाय का?"

रेवदंड्याच्या बाजारात मी औषधाचं दुकान टाकलं त्याच आठवड्यात हे वाक्य दुकानात घुमलं, आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी माझ्या हातातून निसटली. मला वाटलं, भांडण लागलं. प्रत्यक्षात मागच्या गिऱ्हाइकाने जरा पुढे सरका म्हटलं होतं, आणि पुढच्या पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी वळून त्याला हसतमुखाने एवढंच विचारलं होतं. त्यांचा आवाजच तसा होता. पुढे मला कळलं की त्यांची सगळी नोकरी मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर, डिझेल इंजिनाच्या शेजारी गेली होती. इंजिन कधीच मागे राहिलं, पण ते अजून चालूच आहे अशा बेताने ते बोलत. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागायला ते आले की काकींचा रक्तदाब किती वाढला हे मासळी बाजारापर्यंत समजे.

सगळी आळी त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही, नुसता औषधं विकतो, हे मी बऱ्याचदा सांगून पाहिलं. "गोली तू देतस ना? मंग?" असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

तुम्ही कधी रेवदंड्याच्या खाडीवर उभे राहिला असाल, तर यांत्रिक होड्यांच्या रांगेत एखादी शिडाची होडी शोधून पाहा. सापडायची नाही. तेव्हा मात्र एक होती. सागाची, पोटाशी गोल, पुढच्या टोकाला, नाळेकडे, जराशी मान उंचावलेली. तांडेलांच्या वडिलांनी ती इथेच खाडीकाठी बांधून घेतली होती. तिला इंजिन नव्हतं आणि तांडेल बसवू देत नव्हते. "जलमभर इंजिनाची बडबड आयकली," ते म्हणत, "आता ही गप बसते तं बसू दे." होडीला ते म्हातारी म्हणत. त्यावर काकी म्हणत, "दोन म्हाताऱ्या हायेत ह्यांना. येकीला तेल लावतात, दुसरीला इचारत बी न्हाय."

तेल म्हणजे माशाचं तेल. माझ्या नशिबी त्याचा वास कसा आला ते सांगतो. मी माणगावकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. पाणी म्हणजे खाचरात पोटऱ्यांपर्यंत उभं राहणारं, ही माझी कल्पना. होडीत बसायचं म्हटलं की मला दुकानात हटकून काम निघे. एका रविवारी तांडेलांनी माझ्या हातात चिंधी आणि तेलाचा डबा दिला. "बसू नको. नुसती चोल," म्हणाले. काठावर ओढून ठेवलेल्या होडीला तेल चोळायला भीती कसली? मी चोळत बसलो. तळाला चिकटलेली शिंपली खरवडली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकला. संध्याकाळी घरी गेलो तर बायकोने मला अंगणातच अंघोळ घातली. पण पुढच्या रविवारी मी आपण होऊन गेलो. हाताखालचं ते लाकूड तेल पिऊन हळूहळू काळसर तांबूस होत जातं, आणि आपण ज्या फळीला इतकं चोळलं ती पाण्यावर कशी चालते हे बघायची इच्छा होतेच. तांडेलांना ते ठाऊक असणार. मला होडीत कोणी बसवलं नाही. मीच बसलो.

आणि तेव्हा मला एक गंमत कळली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. काठापासून ते ओरडत होते. दोरी सोड, सरक, तिकडं न्हाय, तिकडं! मग शीड वर गेलं, एकदा फडफडलं आणि वाऱ्याने भरलं. होडी एका कुशीला जराशी कलली. नाळेखाली पाण्याची बारीक चुळचुळ सुरू झाली. आणि तांडेल, गावाला ऐकू जाणारे तांडेल, माझ्याकडे न बघता अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बरं वाटतं ना, डाक्टर?"

मी चक्क आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी बोललं की काय म्हणून. पुढे मी नेहमी पाहिलं, शीड भरलं की त्यांच्या डोक्यातलं इंजिन बंद पडायचं. मग कोर्लईच्या डोंगराकडे बघत ते इतकं हळू बोलायचे की मला सरकून त्यांच्याजवळ बसावं लागे. परत येताना शीड उतरलं की पहिली हाक काठावरच्या कुत्र्यांना ऐकू जाई.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र समजू नका. एकदा माझे सासरे माणगावहून आले होते. त्यांना फिरवून आणतो म्हणून तांडेलांनी होडी काढली आणि लाँचवर बसलेल्या एका वऱ्हाडाची गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट रंगली, आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही हे गोष्ट सांगणाराच विसरला. खाडीच्या मधोमध होडी चिखलात बसली. चारी बाजूंनी पाणी निघून गेलं. सासऱ्यांना दुपारची एस.टी. गाठायची होती. ते घड्याळ बघू लागले, तसे तांडेल म्हणाले, "घाई हाय का?"

"होती," सासरे म्हणाले. "आता राहिली नाही."

तांडेलांनी फळीखालून स्टो काढला. चहा झाला, सुके बोंबील भाजले. भरती येईपर्यंत खाडीतला चिखल आणि भाताच्या खाचरातला चिखल यांत फरक काय, यावर दोघांचं असं काही जमलं की पाणी चढू लागलं तेव्हा सासरेच जरा हिरमुसले. अजून ते फोनवर आधी होडीची चौकशी करतात, मग मुलीची.

होडीचं शीड माझ्या दुकानाच्या माळ्यावर असायचं. तांडेलांच्या घरात उंदीर फार, आणि माझा माळा कोरडा. खोकी बाजूला सारून मी त्या जाड कापडाची गुंडाळी तिथे ठेवली होती. गिऱ्हाइकं नाक वर करून विचारायची, हा वास कोणत्या औषधाचा? मी सांगायचो, शक्तीचं आहे.

मग तांडेलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि म्हातारी वर्षभर काठावर पडून राहिली. उन्हाने तिच्या फळ्या आकसल्या. सांध्यांतून पलीकडचं दिसू लागलं. बरे झाल्यावर तांडेल काठी टेकत आले आणि चार जणांना लावून त्यांनी होडी तशीच पाण्यात ढकलायला लावली. ती बुडणार हे मलासुद्धा दिसत होतं. ती बुडालीच. काठ तेवढे वर राहिले. आत दगड टाकून तांडेलांनी ती आणखी खाली बसवली. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. बाजारातून लोक मयताला यावेत तसे येऊन उभे राहिले, कोणी चपला काढल्या, एका बाईने तर तांडेलांसाठी चहा आणला. तांडेल चहा पीत आरामात बसले होते.

"पानी पितेय ती," ते ओरडले. "वरीसभर तहानली व्हती. पिऊ दे!"

लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळी फळीला भिडते आणि सांधा आपोआप मिटतो. काही दिवसांनी दगड काढले, पाणी उपसलं, आणि भरतीबरोबर म्हातारी वर आली. मला तो चमत्कार वाटला. काकींना वाटला नाही. "जुनी लाकडां अशीच," त्या म्हणाल्या. "कोरडी ठेवलीस का फुटली."

त्या सुमारास चौलच्या एका वाडीत बंगला बांधलेले मुंबईचे साहेब होडी बघून गेले. माणूस चांगला, बोलणं मऊ. बंगल्यापुढच्या हिरवळीवर त्यांना ती ठेवायची होती, पॉलिश करून, आत फुलझाडं लावून. तांडेलांनी विचारलं, "गवतावर तिला पानी कोन पाजंल?" साहेब मनापासून म्हणाले, "माळी रोज घालतो ना पाणी." तांडेल इतके हसले की साहेबही हसू लागले. आपण का हसतोय हे त्यांना बहुधा कळलं नसावं.

तांडेल थंडीच्या दिवसांत गेले. सकाळचा चहा घेऊन ओटीवर बसले होते, तिथेच. होडी तेल लावायला म्हणून काठावर ओढलेली होती. तेलाचा डबा तिच्या सावलीत उघडाच राहिला होता. मी जाऊन त्याला झाकण लावलं. दुकानात पुढे कितीतरी दिवस मला शांतता सोसेना. आवाज मोठा असलेल्या माणसाची पोकळीही मोठी असते, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. होडीवर घातलेला प्लास्टिकचा कागद वाऱ्याने फाटला, आणि गणपती झाल्यावर एक दिवस तांडेलांचा मुलगा दुकानात आला. तो कारखान्यात पाळ्या करतो. सतत धावपळीत, बोलतानाही एक पाय दुकानाबाहेर.

"डाक्टर, होडी बंगलेवाल्या सायबांना देतोय. मला वेळ न्हाय, आयला झेपत न्हाय. डोल्यांदेखत कुजली तं बाबांना काय सांगू? तिकडं सावलीत तरी राहील."

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. त्याने दमड्यांसाठी ती विकायला काढली नव्हती. तो तिला आसरा शोधत होता. पण एकदा फुलझाडांची माती पोटात गेली की ती पुन्हा पाण्यावर येणार नव्हती. मी म्हटलं, "काकी काय म्हणतात?" तो म्हणाला, "ती काय म्हणंल? तिला सवतच व्हती ना ती."

साहेबांची क्रेन शनिवारी यायची होती. शुक्रवारी दुकान उघडतो तर मुलगा धापा टाकत दारात. "आयनं होडी बुडवली!"

मी शटर तसंच अर्धवट सोडून खाडीवर गेलो. पहाटेच्या भरतीला काकींनी आळीतल्या बायकांना गोळा करून म्हातारी पाण्यात ढकलली होती. आता तिचे काठ तेवढे दिसत होते. साडीचा काचा मारलेल्या काकी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून आत दगड ठेवत होत्या. प्रत्येक दगड सावकाश, आवाज न करता.

"आये, हे काय केलंस? उद्या गाडी येतेय!"

"कोरडी धाडू काय तिला?" काकी म्हणाल्या. "लोकांच्या दारी तहानलेली जाईल? आदी पिऊ दे पोटभर. मंग ने कुठं न्यायची तिथं."

दुसऱ्या दिवशी क्रेन आली आणि पाण्याने भरलेली होडी उचलता येईना म्हणून परत गेली. साहेबांनी फोनवर विचारलं, बुडाली का? मुलगा माझ्या शेजारी उभा होता. तो काठावरून त्या बुडालेल्या होडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "न्हाय सायेब. पानी पितेय." मग त्याने पाळी संपली की रोज खाडीवर यायला सुरुवात केली. आला की काठावर बसायचा. सुरुवातीला फोन हातात असायचा. नंतर नंतर तो खिशात राहू लागला.

पाणी उपसायचं त्या दिवशी ओहोटीला आम्ही तिघे उतरलो. दगड काढले. मुलाने आणि मी बादल्यांनी पाणी काढलं, काकींनी तांडेलांच्या चहाच्या भांड्याने. मग तिघेही आतच बसून भरतीची वाट बघू लागलो. पाणी चढलं. होडी चिखलात जरा हलली, पुन्हा बसली, पुन्हा हलली, आणि सुटली. पाणी पिऊन लाकूड अजून काळपट होतं, त्यामुळे सांध्यांतून पाणी झिरपतंय की नाही ते नुसत्या डोळ्यांनी समजत नव्हतं. काकी वाकल्या आणि त्यांनी पदराचं टोक नाळेपासून थेट मागच्या टोकापर्यंत एकेका सांध्यावर दाबून पाहिलं. मग पदर उचलून मुलापुढे धरला.

पदर ओला झाला नव्हता. त्याच पदराने त्यांनी डोळे पुसले तेव्हा मात्र झाला.

मुलगा बराच वेळ एका फळीवरून हात फिरवत बसला. मला वाटलं, आता साहेबांना फोन करील. तो माझ्याकडे वळला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "डाक्टर, बाबांनी शीड कुठं ठेवलंय?"

माझ्या माळ्यावर, मी म्हणालो, आणि काठाकडे उडी टाकली. गुडघाभर पाण्यात धडपडलो, कसाबसा उठलो. मागून काकींनी, आयुष्यात कधी नव्हे ती, सगळ्या खाडीला ऐकू जाईलशी आरोळी ठोकली, "घाई हाय का?"

"हो, आहे!" मी ओरडलो, आणि भिजलेल्या कपड्यांनिशी दुकानाकडे पळत सुटलो.