गरब्यातली मोकळी जागा

चणिया-चोळीच्या पेटीतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की सोसायटीतला तो गरबा आठवतो. ऑफिस आणि घर करताना शरीर किती जड झालंय, ते मला दुसऱ्याच फेरीत कळलं. अशी धाप लागली, की ‘बेसी जाव, बेन,’ म्हणत शेजारणीने खुर्ची दिली. सात वर्षांची माझी मुलगी मात्र गोलात फिरत राहिली, मागे माझी जागा मोकळी ठेवून. समोर आली की विचारायची, ‘आई, आता?’ मी हातानेच थांब म्हणायची. चौथ्या फेरीला ती न विचारताच पुढे गेली. दुसऱ्या सकाळपासून मी चालायला लागले. आता दहा फेऱ्या सहज होतात. मुलगी परदेशात असते. गोलात शिरले की मी पुढे एक जागा सोडते. कुणीतरी येऊन ती भरून टाकतं.