नव्या गाण्याला जुनी पिन

रेकॉर्ड वाजवायच्या फोनोची पिन अंगठ्यावर टेकवून मामा डोळे मिटायचे. टोचली तर पत्र्याच्या डबीत, नाही टोचली तर काड्यापेटीत. डबी जुन्या गाण्यांसाठी, काड्यापेटी नव्यांसाठी. "नव्या गाण्याला नवी पिन झिजवायची व्हय? त्येवढी लायकी हाय का त्याची?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता कर्ण्याच्या वायरी गुंडाळू लागायचे.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी माधवनगरला शाळेत मास्तर होतो आणि लग्नकार्यात रेकॉर्डी वाजवणाऱ्या या गृहस्थांच्या दुकानामागच्या खोलीत राहायचो. सगळे त्यांना मामा म्हणत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला आपल्या काळानंतर जगात काही चांगलं घडलंय हे पटतच नाही.

मांडवातली तरणी पोरं नवं गाणं मागायची. मामा नाही म्हणत नसत, धंदा होता. काड्यापेटीतली बोथट पिन लावायचे आणि मांडवाकडे पाठ करून बसायचे. कर्ण्यातून नुसती खरखर यायची, गाणाऱ्या बाईचा गळा बसल्यासारखा वाटायचा.

"ऐका मास्तर. हाय का सूर? नुसता गलबला."

"मामा, बोथट पिनेवर कुणाचंही गाणं असंच वाजेल," मी एकदा बोलून गेलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर मीही कंटाळलोच होतो. नवी गाणी महिनाभर कान किटेपर्यंत वाजायची आणि पुढच्या महिन्यात त्यांची एक ओळ आठवायची नाही. रागवायचं तरी कशावर, इतकी ती सारखी होती. त्यातली एकदोन मला आवडायची, पण ते मामांना सांगायची माझी छाती झाली नाही.

पाठवणीला मात्र मामा कुणाचं ऐकत नसत. नवरी निघाली की सनईची एक जुनी रेकॉर्ड लागायची, कोऱ्या पिनेवर. "ह्या सनईवर रडली न्हाई अशी बाई ह्या भागात न्हाई," हे ते अभिमानानं सांगत.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं, औंधच्या बाजूला. मामी नव्हत्या. पोरीला यांनीच वाढवलं होतं. मामांनी आठ दिवस आधी सनईची रेकॉर्ड पुसून कापडात गुंडाळून ठेवली. लग्नाच्या दिवशी जेवणं उरकली, आणि हिरवा चुडा भरलेली पोर फोनोजवळ येऊन उभी राहिली.

"आप्पा, सनई नको. तुमी सगळ्यांच्या पोरींना रडवत आलाय. मला हसत जायचंय." आणि तिनं त्या वर्षीच्या एका नव्या गाण्याचं नाव घेतलं.

मामांचा हात सवयीनं काड्यापेटीकडे गेला, तिथं थोडा थांबला आणि मागं आला. त्यांनी डबी उघडली, एक पिन अंगठ्यावर टेकवली आणि डोळे मिटले.

गाणं लागलं. महिनाभर कानांवर आदळलेलं ते गाणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. कडव्याच्या मागं हलकी बासरी होती. मामांनी मान वर केली.

"मास्तर, बासरी हाय की मागं."

"आहे."

"मला कवा ऐकूच आली न्हाई."

गाडी हलली. पोर खरंच हसत गेली. मामा एकटेच रडले, गाणं संपेपर्यंत आणि नंतरही.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "एका बासरीनं काय व्हतंय? बाकी गलबलाच." काड्यापेटीही जागच्या जागी होती. मला वाटलं, पोरीपुरतं झालं, संपलं.

दोन वर्षांनी मामा गेले. मी ती खोली केव्हाच सोडली होती. दिवसकार्य झाल्यावर लेकीनं मला सोबत घेऊन दुकान उघडलं. फोनोचं झाकण वर होतं आणि रेकॉर्ड तशीच चढवलेली. तिनं वाकून धूळ पुसली, नाव वाचलं आणि तिथंच बसली. तिच्या पाठवणीचं गाणं होतं ते.

"मास्तर, आप्पा हे ऐकत व्हते?"

मी फोनोचा दांडा उचलला आणि पिनेवर अंगठा टेकवला.

टोचली.