दमलेली टेप

परळच्या आमच्या हॉस्पिटलात पेशंटांच्या रिपोर्टांच्या बॅकअप टेप सांभाळणाऱ्या बाई लालबागच्या. टेप वाचताना मशीनला किती चुका सुधाराव्या लागल्या, ते त्या रोज स्क्रीनवर पाहतात. आकडा चढू लागला की टेपलाच म्हणतात, "दमलंस गो बाय!" आणि तिच्यावरचं सगळं नव्या टेपवर उतरवतात.

खरेदी माझ्याकडे. "अहो, चालतेय ना अजून?" मी एकदा कुरकुरले.

"चालतेय तोवरच उतरवायचं. बंद पडल्यावर काय पूजा घालू तिची?"

परवा सर्व्हर कोसळला. जुन्या रिपोर्टांशिवाय डॉक्टर केमो सुरू करेनात, पेशंट खोळंबले. बाईंनी नुकतीच उतरवून घेतलेली नवी टेप लावली आणि एकेक नाव स्क्रीनवर परत आलं.

"नव्या किती मागवू?" मी आपणहून विचारलं.

बाईंची नजर स्क्रीनवरच्या चुकांच्या आकड्यावरच होती. "थांबा, हिला विचारते."