अर्ध्या रंगाची पाणबुडी

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या केशवराव पाथ्रीकरांनी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत स्वतःहून एकही निर्णय घेतला नाही. आलेला कागद वर पाठवायचा, वरून आलेला खाली द्यायचा आणि मधल्या मधे आपण कोरडं राहायचं, ही त्यांची रीत. असा माणूस निवृत्त झाल्यावर पाणबुडी बांधायला घेतो, याचं गल्लीला नवल वाटलं. केशवरावांची मात्र एवढीच इच्छा होती, की आयुष्यात एकदा, कुणालाही न विचारता, पाण्याखाली जाऊन यावं. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचलं होतं, तेही पाहून ठेवलं होतं.

अंबरपेठेच्या कुलदीप वेल्डरने अकरा फुटांचं पोलादी धूड आठ महिन्यांत जोडून परसात आणून ठेवलं. त्याला लावायचा लेप निवडायला केशवरावांना तीन वर्षं लागली. लेपाची फाइल पाणबुडीच्या पत्र्यापेक्षा जाड झाली. वेगवेगळे लेप दिलेले पत्र्याचे तुकडे त्यांनी गच्चीवर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. "खाणीतलं पाणी गोडं आहे हो," असं पत्नी भामाबाईंनी सांगितल्यावर त्यांनी तशी नोंद घेतली आणि मीठ होतं तसंच राहू दिलं. अफझलगंजच्या रंगवाल्याकडे त्यांनी शंखशिंपले चिकटू न देणारा लेपही मागितला.

"साब, हैदराबाद में समंदर कब आया?" तो म्हणाला. "मेंडकां चिपकते क्या?"

केशवरावांनी हा अभिप्रायही फाइलला लावला.

इकडे पत्रा गंजायचा, कुलदीप वाळूचा मारा करून तो लखलखीत करायचा आणि निवड होईपर्यंत तो पुन्हा गंजायचा. तिसऱ्या वर्षी कुलदीपने पत्र्यावर टिचकी मारली.

"काका, आता मारतो ही शेवटची वाळू. पुन्हा मारली तर चाळणी होईल. आणि उघडा पत्रा चार तासांत रंगाखाली गेला पाहिजे."

मग मात्र इपॉक्सीचा लेप ठरला. हा दोन डब्यांचा असतो. एकातला दुसऱ्यात कालवला, की तासाभरात लावून मोकळं व्हायचं, नाहीतर दगड होतो.

शुक्रवारी सकाळी दहाला पत्रा चांदीसारखा चमकू लागला. दत्तोबा रंगाऱ्याने निम्मा माल मोठ्या बादलीत कालवला आणि ब्रश बुडवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या भाग्यलक्ष्मींचा आवाज आला.

"केशवरावगारू, साडेदहा वाजले! राहुकालम लागला. बारापर्यंत नवं काम नको!"

केशवरावांचा राहुकाळावर काडीचा विश्वास नव्हता. पण हरकत ही हरकत असते, ती निकाली निघाल्याशिवाय पुढे कसं जायचं? त्यांनी हात वर केला.

"थांबा दत्तोबा."

"साहेब, हा रंग थांबत नाही."

"त्यांना नीट समजावून सांगतो. पाच मिनिटं."

समजावणं कुंपणाशी सुरू झालं, तिथून ग्रहांवर गेलं आणि भाग्यलक्ष्मींच्या जावयाच्या अपघातापाशी संपलं. केशवराव परतले तेव्हा पावणेबारा झाले होते. दत्तोबाने ब्रश उचलला, तर सगळी बादलीच वर आली.

"घ्या. ही दारापाशी ठेवा, अडसर होईल," दत्तोबा म्हणाला.

अफझलगंजला फोन केला. पुढचा माल आठ दिवसांनी येणार होता. उरलेला लेप जेमतेम अर्ध्या पाणबुडीला पुरला असता.

"बोला, कुठला अर्धा?" दत्तोबाने विचारलं.

केशवरावांनी सवयीने भामाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? यात मी बसणार नाही."

केशवरावांनी श्वास घेतला आणि कागद, टिपण, अभिप्राय काहीही न मागता ठणकावून सांगितलं, "खालचा! बोटीचा खालचाच भाग पाण्यात असतो."

दत्तोबा उताणा पडून मुकाट्याने काम करत राहिला. शेवटचा हात मारून बाहेर आला आणि कपाळ पुसत म्हणाला, "साहेब, एक विचारू? ही पाणबुडी ना? मग वरचा भाग काय छत्री घेऊन बसणार?"

भामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मग ती बुडवायची नाही," केशवराव शेवटी म्हणाले. "पाण्यावरच ठेवू."

भामाबाईंचा पदर खाली आला. त्या घरात जाऊन फाइलच घेऊन आल्या. "हे लिहून द्या. उद्या बदलायला नको."

"कुणाच्या सहीने?"

"तुमच्या. दुसरं कोण आहे?"

त्यांनी लिहिलं, तारीख घातली, सही केली. खाली वरिष्ठांच्या प्रतिस्वाक्षरीची जागा मात्र सोडलीच. भामाबाईंनी कागद फाइलमधून काढला, घडी घालून कपाटात साड्यांखाली ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

केशवराव परसात एकटेच उभे राहिले. दोन वाजेतो वरच्या अर्ध्या भागावर तांबूस झाक आली होती. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, मग ते बोट धोतराला पुसलं आणि आत जेवायला गेले.