गाडीला पेट्रोल पोचेना

आमच्या घरी गाडी बंद पडली तर इंजिनिअरला विचारायचं नाही, असा नियम आहे. इंजिनिअर मीच आहे.

घराण्यातला मी पहिला पदवीधर. आईबाबांनी तेंदूपत्ता तोडून मला मेकॅनिकलला शिकवलं, याची जाणीव मला रोज असते. त्यामुळे घरच्या जुन्या गाडीबद्दल बोलताना मी जरा जास्तच शिकल्यासारखा बोलतो. (हे माझ्या धाकट्या बहिणीचं, सुषमाचं मत.)

त्या दिवशी सुषमाला नर्सिंगच्या प्रवेशासाठी गडचिरोलीला कागदपत्रं दाखवायची होती. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. बसनं जाऊ, असं ती म्हणत होती. घरात इंजिनिअर असताना बस? मला तो अपमान वाटला. आम्ही चौघं सकाळी नऊला एटापल्लीहून गाडीनं निघालो.

आलापल्लीच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. मी बॉनेट उघडून जाहीर केलं, की इंजिनला पेट्रोल पुरेशा दाबानं पोचत नाहीये. निदान अगदी बरोबर होतं. (त्या दिवशी एवढंच बरोबर होतं.) मी एक फ्यूज काढला, पुसला, परत बसवला. तेवढ्यात बाबांनी टाकीचं झाकण उघडून बांबूच्या काडीनं पेट्रोल मोजलं, कारण आमच्या गाडीचा काटा कायम अर्ध्यावरच असतो. चावी फिरवली. गाडी सुरू! आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की पदवी घेतानाही मला एवढं मोठं वाटलं नव्हतं.

आलापल्ली ओलांडून सागाच्या जंगलात शिरलो, तर पुन्हा तेच. मी पंपाला वीज देणाऱ्या रिलेवर टिचक्या मारल्या, बाबांनी काडी बुडवली, गाडी सुरू. आता मला चेव आला. काडीनं टाकीत कचरा जातो, कचऱ्यानं पंप खराब होतो, असं बाबांना दहा मिनिटं समजावून मी ती काडी जंगलात फेकली आणि झाकणाला हात लावायचा नाही, अशी ताकीदही दिली.

आष्टीच्या अलीकडे गाडी तिसऱ्यांदा थांबली. फ्यूज पुसला, रिलेला टिचक्या मारल्या. काही नाही. प्रेशर गेज लावला, तर त्याचा काटा जेमतेम हलला. मागच्या सीटला कान लावला, खालच्या टाकीत पंप घोंघावत होता. म्हणजे पंप फिरतोय, पण दाब नाही. म्हणजे पंप झिजला! मी मागची सीट उपटून रस्त्याच्या कडेला ठेवली. आई आणि सुषमा तिच्यावर बसल्या. आमच्यासमोरून गडचिरोलीला जाणारी बस न थांबता गेली. बसमधले सगळे आमच्याकडे पाहत होते आणि सुषमा फाइल छातीशी धरून त्या बसकडे.

"दादा, दोन वाजले," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. मी पाना खाली ठेवला. दोन वर्षं तिनं या जागेसाठी तयारी केली होती आणि ती जागा मी आष्टीच्या रस्त्यावर घालवायला निघालो होतो.

तेव्हा आई उठली. माझी आई कधी शाळेत गेलेली नाही.

"बेटा, तुह्या बाबानं झाकण खोललं का गाडी चालू होते. दोनदा पाह्यलं मी. आता तं तू त्याइले खोलूच देऊन नाई राह्यला."

मी समजूतदारपणे हसलो. तिचं मन राखायला झाकण फिरवलं. टाकीनं फुस्सकन एवढा लांब श्वास आत ओढला, की मी दोन पावलं मागे सरलो. झाकण उलटं करून पाहिलं. हवा आत जायला त्याला बारीक भोक असतं. ते पिवळ्या मेणानं गच्च बुजलेलं! पेट्रोल कमी होत होतं, त्याच्या जागी हवा येत नव्हती, आणि बिचारा पंप ओढून ओढून हरत होता.

हे कोणी केलं, असं मी विचारलं. 

"मीच केलं," बाबा शांतपणे म्हणाले. "तूच सांगतलं होतं ना, खनिजाच्या ट्रकांची धूळ टाकीत जाऊ देऊ नका म्हणून. मधाच्या बाटलीले लावतो, तसंच लावलं. काऊन, कमी पडलं का?"

आईच्या सेफ्टी पिननं मेण कोरून काढलं, सीट कशीबशी कोंबली आणि साडेचारला ऑफिस गाठलं. खिडकीतल्या बाबूंनी सुषमाला विचारलं, "इतका उशीर काऊन झाला, बाई?"

"सर, गाडी बंद पडली होती," सुषमा म्हणाली. मग डोक्यापासून पायापर्यंत ग्रीसनं माखलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि माझा भाऊ इंजिनिअर आहे."

बाबूंनी आधी तिला पाण्याचा ग्लास दिला, मग शिक्का मारला.